तीन हरणांचा डबा

भंडारा
रविवार, १८ जानेवारी २०२६

श्री. अतुल भैय्यालाल मेश्राम, कोल्हापूर, यांसी,

पत्र लिहिण्यास कारण की, आपला एक बियरचा रिकामा डबा माझ्या दुकानात फेब्रुवारी २०१४ पासून पडून आहे. डबा परदेशी, लोखंडी पत्र्याचा, लाल रंगावर तीन हरणे. डब्याला मोठा पोचा आहे. दुकानात जागा कमी आहे. तरी पत्र मिळताच डबा घेऊन जाण्याची व्यवस्था करावी.

एवढं लिहून केशरले वाचून दाखवलं. ती म्हणते, "अजी, हे पत्र होय का वीज कापायची नोटीस होय?" तिले काय कळते. पण कागद उरला आहे तं चार ओळी आणखी लिहितो. शाळेतली भाषा मले तेवढीच येते, ती वरती संपली. पुढं बोलतो तसं लिहितो.

डिसेंबरात उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर दुकानात आलो तं काय पाहतो, सारं पितळ पिवळं! इतकी वर्षं मले ते मातकट दिसून राहिलं होतं आणि मी घासायच्या चिंचेले शिव्या देत होतो. मंग भंगार निवडायले बसलो. पितळेचं भंगार भट्टीत जाते, लोखंड कोण घेते? म्हणून हा डबा तळाशी तसाच राहिला होता. हरणं मी आजवर पिवळी समजत होतो. ती सोनेरी आहेत, अतुल. तू सांगत होता तेव्हा मी उगाच हो हो म्हणत होतो.

'तू' लिहिल्या गेलं. खोडत नाही, कागद खराब होते.

तुमचा पत्ता कुठून मिळाला, असं विचाराल. दर दिवाळीच्या आधी कोल्हापूरहून केशरच्या नावानं एक खोका येते. ती म्हणते, भजनी मंडळातल्या बाईनं पाठवला. आमच्या भजनी मंडळाची शाखा कोल्हापूरले आहे हे मले माहीत नव्हतं. पत्ता माझ्या पोरीच्या अक्षरात असते. चिवडा चांगला असते.

डबा पोस्टानं पाठवण्यासारखा नाही. येऊन घेऊन जा, असं केशर म्हणते.

वासुदेवराव


रविवार, ८ फेब्रुवारी

अतुल मेश्राम यांसी,

उत्तर आलं नाही. बरं. माझ्या पोरीशी तुमचं लग्न झालं त्याले मे महिन्यात बारा वर्षं होतील. मी लग्नाले आलो नाही आणि या बारा वर्षांत कोणाच्या फोनले उत्तर दिलं नाही, तं आता मले तोंड नाही बोलायले. केशर म्हणते पुन्हा एक लिहा, म्हणून लिहून राहिलो.

डबा पडूनच आहे, तं मी त्याले हात लावला. परवानगी न विचारता. पोचा पाहिला की माझे हात थांबत नाहीत, हे तुमाले माहीत आहे.

तू पहिल्यांदा आला तो दिवस आठवते का? २०१२, होळीच्या आसपासचा रविवार. बँकेत नवीन लागला होता. शहापूरहून फटफटीवर आला, पाठीवर शाळेचं दप्तर. दप्तरातून काढला तो बियरचा डबा. मी म्हटलं, "बाबू, दुकान चुकलं तुझं. ते बसस्टँडकडे आहे." तू म्हणाला, "काका, याचा पोचा काढून देता का?"

तेव्हा आपल्या गल्लीत अजून सात दुकानं ठोकत होती. माझ्या बापाच्या काळी तं गल्लीत बोलायचं काम नव्हतं, हातवारे करायचे, इतका आवाज. सासरहून आलेली पोरगी एस.टी.तून उतरायच्या आधीच म्हणे, भंडारा आलं. आता मी आणि मारोतराव, दोघं उरलो. मारोतराव प्लॅस्टिकच्या बादल्या विकते आणि माझा ठोका ऐकायले येऊन बसते. म्हणते, दुपारची झोप त्याच्याशिवाय लागत नाही.

तर तू सांगितलं. तुझे वडील भैय्यालालजी हायवेवरच्या एका कारखान्याच्या गेस्ट हाऊसमध्ये खानसामे होते. त्र्याऐंशी साली मशिनी बसवायले गोरे इंजिनिअर आले, वर्षभर राहिले, बियर प्यायले आणि डबे फेकले. भैय्यालालजीनं कधी थेंब चाखला नाही. पण फेकायच्या वस्तूवर इतकं सुंदर चित्र काढतात, हे पाहून त्यांनी एकेक डबा उचलून आणला. एकतीस डबे. घर बदलताना पेटी टेम्पोवरून पडली आणि एकतीसच्या एकतीस डब्यांले पोचे आले. तू म्हणाला, "बाबा दोन दिवस जेवले नाहीत." हे ऐकलं आणि मी तुझ्या हातातून डबा घेतला.

पाण्याच्या पितळी गुंडाचा पोचा काढणं सोपं. आतून लोखंडाचा टेकू द्या, बाहेरून ठोका. पितळ ऐकते. हा पत्रा पोस्टकार्डाएवढा पातळ, वरून रंग. हातोडी लागली की रंगाचा टवका गेलाच. दोन रविवार मी नुसता पाहत बसलो. मंग मोडक्या छत्रीची काडी वाकवली, टोकाले सुपारीएवढी पितळेची गोळी बसवली, तोंडाच्या भोकातून आत घातली आणि ठोकायचं सोडून आतून घासत राहिलो. तासाभरानं पोचा वर आला. तू टाळ्या वाजवल्या. चाळीस वर्षांच्या धंद्यात मले कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

मंग दर रविवारी आपण बसू लागलो. एखादा डबा एका दिवसात सरळ व्हायचा, एखादा महिना खायचा. आमची हर्षा चहा आणायची. तू त्या देशांची नावं सांगायचा, मी चुकीची म्हणायचो. दोन वर्षं असं चाललं. चांगले रविवार होते ते. आता रविवारी मी दुकान उघडतो तं केशर विचारते, "आज कायले?" मी म्हणतो, धूळ झटकायले.

डबा घेऊन जा.

वासुदेवराव


रविवार, १ मार्च

अतुल,

काल पार्सल आलं. पोस्टमननं हाक मारली तशी केशर धावली. मी म्हटलं, दिवाळी नसताना भजनी मंडळ कसं जागं झालं? पण नाव माझं होतं. खोक्यात हिरवा डबा, पवनचक्कीचा, पाठीवर अंगठ्याएवढा पोचा. चिठ्ठी नाही. मी खोका उलटा करून झटकला. आतल्या वर्तमानपत्राचा बोळासुद्धा उलगडला. कोल्हापुरात मंगळवारी पाणी येणार नव्हतं, एवढंच कळलं.

हा तिसावा. एकोणतीस आपण काढले होते, हा तेव्हा राहून गेला होता. एकतिसावा माझ्यापाशी आहे.

मी काही फार खूश झालो नाही. केशर तिकडं फोनवर सांगत असेल की मी शीळ घातली, तं तिचं ऐकू नका. हाव, मले माहीत आहे ती रोज दुपारी कोणाशी बोलते. बारा वर्षं मी दुपारी झोपल्याचं सोंग घेऊन ऐकून राहिलो. तुमची बदली, नात डिंपलचे कान टोचले, तुमच्या घरचं गळणारं छत, मले सारं पाठ आहे.

या डब्याचा पोचा अडचणीच्या जागी आहे, छत्रीची काडी पोचत नाही. केशरची लाखोरीच्या दाण्यांची युक्ती लावतो. आठवते ना? हिनं पहिले सांगून टाकलं होतं, दारूचा डबा माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. आणि एक डबा आपल्याले तीन रविवार हरवत होता, तेव्हा हीच आतून बोलली. तिच्या माहेरी, सानगडीले, एका साली कोठीत पाणी शिरलं, धानाच्या बांधीत शिंपतात ती लाखोरी कोठीत भरलेली होती, ती फुगली आणि लाकडी कोठीची फळी निघाली. म्हणे, "लोखंडापरीस लाखोरीले जोर जास्त. डब्यात भरा, कोमट पाणी ओता, तोंड बांधा. दाणा फुगला की आपोआप ढकलते." मी हसलो. सकाळी पोचा गायब. तू केशरच्या पाया पडला आणि ती लाजून आत पळाली.

फक्त संध्याकाळी भिजवायचं आणि सकाळच्या चहाच्या आधी काढायचं. तेवढं सांभाळलं की झालं.

डबा सरळ करून पाठवतो.

वासुदेवराव


रविवार, २९ मार्च

अतुल,

तुमचा डबा फुटला.

सानगडीले केशरच्या भाच्याचं, योगेंद्रचं लग्न होतं. आदल्या संध्याकाळी मी डब्यात लाखोरी भिजवली. सकाळी काढणारच होतो. पण केशर म्हणे एस.टी. चुकेल, मी म्हटलं चपला कुठं आहेत, आणि निघालो. तिकडं तिसऱ्या दिवशी पंगतीत बसलो, पानात लाखोरीची डाळ वाढली आणि माझा घास हातात राहिला. वाढणाऱ्यानं विचारलं, "मामा, तिखट झाली का?"

परत येऊन पाहतो तं डबा जोडावरून वरपासून खालपर्यंत उकललेला. लाखोरीले हातभर मोड, पवनचक्कीवरून खाली लोंबून राहिलेले. दुकानात वास असा की मारोतरावनं नाकाले गमछा बांधला.

पहिले मी केशरवर ओरडलो. मंग उन्हावर. मंग एस.टी.वर. तिघांवर ओरडून झालं तरी डबा फुटलेलाच. चूक माझी आहे. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा लिहून राहिलो, अक्षर पाहा कसं वाकडं आलं. भैय्यालालजीच्या एकतीसातला एक डबा माझ्या हातानं गेला.

एक नाही, दोन. तेही लिहूनच टाकतो. पवनचक्कीचा चुकून फुटला. हरणांचा चुकून चेपला नव्हता. पहिल्या पत्रात मी 'डब्याला पोचा आहे' असं लिहिलं, जसा काही तो पोचा चालत आला. तो मी आणला. तू समोर उभा होता, तुले काय सांगायचं. पण कागदावर मी ते चोरलं होतं.

फुटलेला डबा ठेवून दिला आहे. काय करू ते कळवा.

वासुदेव


रविवार, १९ एप्रिल

अतुल,

चिठ्ठी मिळाली. "फुटलेलाच पाठवा. डिंपलला त्यात लाखोरी लावायची आहे. अतुल." सही धरून आठ शब्द. मी त्या दिवशी आठही शब्द बऱ्याच वेळा वाचले.

डबा पाठवून राहिलो, सोबत मूठभर लाखोरी. आता पेरू नका म्हणा पोरीले. लाखोरीले थंडी लागते, दिवाळीच्या आधी लावा. डिंपल पाचवीत आहे ना? मी तिले कधी पाहिलं नाही. फोटो पाहिले आहेत. केशर आंघोळीले गेली की तिच्या मोबाइलात पाहतो. कपाळ आमच्याकडचं आहे. नाक भैय्यालालजीचं.

आता ते लिहितो. नाहीतर ते माझ्यासंगच जाईल.

१६ फेब्रुवारी २०१४, रविवार. हरणांचा डबा तयार होता. तुझ्या वडिलांचा सगळ्यात आवडता, आणि सगळ्यात वाईट चेपलेला. मी किती आठवडे त्याच्यावर घातले ते तुले माहीत आहे. पत्र्यावर एक रेघ राहिली नव्हती. तू तो उन्हात धरून फिरवला आणि हसला. मंग डबा छातीशी धरूनच म्हणाला, "काका, एक बोलायचं आहे. हर्षा आणि मी लग्न करायचं म्हणतो. तुम्ही हो म्हणाले तर बरं वाटेल."

मी डबा तुझ्या हातातून घेतला. तुले वाटलं असेल, पुसून देतो. मी तो ऐरणीवर ठेवला आणि घण उचलला. एकच ठोका. आणि म्हटलं, "दुकानात बसू दिलं म्हणजे घरात घेतलं, असं वाटलं का तुले? आपली पायरी पाहून बोलत जा."

तू डब्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलंच नाही. चपला घातल्या आणि फटफटी गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेली, चालू नाही केली. मी घण हातात धरून वाट पाहत होतो की आता चालू होईल, आता आवाज येईल. गल्लीतले सगळे ठोके थांबले होते.

पहिल्या वर्षी हर्षानं तीन वेळा फोन केला. मी उचलला नाही. मंग तेही थांबलं. म्हटलं, डब्याचं ऐकलं असेल तिनं, आता कायले करेल.

२०१९ मध्ये भैय्यालालजी गेले तेव्हा मी शहापूरले आलो होतो. तुमाले माहीत नसेल. हायवेच्या अलीकडे चहाच्या टपरीवर उभा होतो. पलीकडे तुमचे लोक दिसत होते, पांढऱ्या कपड्यात. रस्ता ओलांडला नाही. ट्रक फार होते, असं मी घरी येऊन केशरले सांगितलं. एवढेही नव्हते.

त्यांच्या हरणांचं मी काय केलं, हे त्यांले ठाऊक होतं का? एवढं कळव.

वासुदेव


रविवार, १७ मे

अतुल,

परवा हर्षाचा फोन आला. केशरच्या मोबाइलवर नाही, माझ्या. "बाबा" म्हणाली, आणि पुढची वीस मिनिटं थांबली नाही.

तुम्ही तिले सांगितलंच नव्हतं! बारा वर्षं! तिले एवढंच माहीत होतं की बाबा नाही म्हणाले, आणि डबा तू माझ्यापाशी आठवण म्हणून ठेवून आला. घणाचं तिले आता कळलं, माझ्याच पत्रातून. तुमच्या टेबलावर पडलं होतं, तिनं वाचलं. तू जे झाकून ठेवलं होतं ते मीच उघडं केलं.

आणि भैय्यालालजीलेही तू तेच सांगितलं होतं. हर्षा म्हणाली, ते शेवटपर्यंत आल्यागेल्याले सांगत, "माझा सगळ्यात चांगला डबा भंडाऱ्यात आहे. व्याह्याच्या दुकानात." व्याही म्हणत होते ते मले. आणि मी टपरीवर ट्रक मोजत होतो.

हर्षा फार बोलली. लहानपणी मी तिले रागवायचो त्याचं सारं उट्टं काढलं. केशर दारात उभी राहून घाबरून पाहत होती, आणि मले, खरं सांगतो, गजब बरं वाटून राहिलं होतं. पोरीचा आवाज तसाच आहे. रागावली की शेवटचा शब्द तसाच वर जाते.

मध्येच डिंपलनं फोन हिसकला. "आजोबा, डबा तुम्ही चेपलासा व्हय?" मी म्हटलं, हाव. म्हणे, "मग सरळ करा की आता!" तुमच्या कोल्हापूरनं माझ्या नातीची भाषा पार बदलली.

मंग फोन पुन्हा हर्षानं घेतला. आता ती ओरडत नव्हती. म्हणाली, "आणि तो ग्लास, बाबा?"

मी फोन दुसऱ्या कानाले लावला.

"तुम्ही पाच पत्रं लिहिली. छत्रीची काडी लिहिली, लाखोरी लिहिली, घण लिहिला. ग्लास नाही लिहिला. मीच आणायची चहा त्या ग्लासात. मी लग्नाच्या आधी अतुलची माफी मागितली. तुम्ही?"

तर लिहितो. आमच्या घरी चहा पितळेच्या पेल्यात. आतून कल्हई केलेले, माझ्या बापाच्या हातचे पाच पेले. तुले मात्र स्टीलचा ग्लास. मी म्हणायचो, "पितळ चटके देते, पाहुण्याले स्टील बरं." मारोतरावही पाहुणाच होता, त्याले मी चटके देत होतो. तुले समजत नव्हतं असं कसं म्हणू? चहा झाला की तू नळावर ग्लास स्वतः धुवायचा आणि दाराबाहेरच्या कोनाड्यात पालथा ठेवायचा. तसं कर म्हणून तुले कोणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं, दर रविवारी. मी ते पाहायचो आणि पोच्यांविषयी बोलत राहायचो.

घण मी रागात उचलला, एकदा. ग्लास मी शांत डोक्यानं दिला, शंभर वेळा. तू गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी केशरनं तो भांडेवालीले देऊन टाकला. मले वाटलं, ग्लास गेला म्हणजे गोष्ट गेली.

मले माफ कर. डब्यासाठी नाही, डबा मी सरळ करून राहिलो. ग्लासासाठी माफ कर. आणि नाही केलं तरी मी समजीन.

आजपासून अधिक महिना लागला. आमच्यात या महिन्यात जवायाले जेवायले बोलावतात, पाय धुतात, वाण देतात. तुमच्या लग्नानंतर असे चार महिने आले आणि गेले, दर वेळी केशरनं अनारसे केले आणि शेजारी वाटले. हे तुमच्यात मानत नाहीत, मले माहीत आहे. मानायले सांगत नाही. मले बोलवायले निमित्त पाहिजे होतं, एवढंच. केशर म्हणते एकदा येऊन जा.

नाही. केशर काही म्हणत नाही. पहिल्या पत्रापासून मी तिचं नाव पुढं करून राहिलो. मीच म्हणतो. या.

वासुदेव


रविवार, ३१ मे

जवाईबापू,

चिठ्ठी मिळाली. "७ जूनला रविवार आहे. तिघं येतो. डबा तयार ठेवा." केशरनं चिठ्ठी देवाजवळ ठेवली, मंग काढून फ्रिजवर लावली, आता तिच्या पोथीत आहे. येताना शहापूरले उतरून तुमच्या आईले, बायजाबाईलेही घेऊन या. मी हायवेवर उभा राहीन. या वेळी ओलांडीन.

डबा तयार आहे, जेवढा होऊ शकते तेवढा. चार महिने लागले. काडीनं घासला, लाखोरी तीनदा भरली, तिन्ही वेळा रात्री खाट टाकून त्याच्याजवळच झोपलो. दोन हरणं नीट उभी आहेत. तिसऱ्याच्या मानेवर रेघ राहिली आहे, तिथला रंगही गेला. आणखी घासलं तं पत्रा फाटेल. केशर म्हणाली, "सोनेरी रंगाचं एक बोट फिरवा, कोणाले कळते?" पण तुम्हीच मले शिकवलं होतं, जुन्या डब्यावर नवा रंग लावला की डबा खोटा होते. नाही लावला. डिंपलनं विचारलं तं दाखवा तिले, इथं मारला होता म्हणून.

आता चहाचं. माणसं मोजली तं सहा होतात आणि पेले पाच. म्हणून सहावा घडवला. पंधरा दिवस लागले, हात पहिल्यासारखे राहिले नाहीत. आतून कल्हई केली. मंग आपल्या रीतीप्रमाणे नाव घालायले बसलो. भंडाऱ्यात पोरीच्या लग्नात दिलेलं एकही भांडं बिननावाचं जात नाही, आणि तुमच्या लग्नाचं तं सारंच राहिलं आहे. टोच्या धरला, कडेले 'अ'चा पहिला ठिपका मारला, आणि हात थांबला. नाव घातलं असतं तं तो पुन्हा तुमचा वेगळा ग्लासच झाला असता.

ठिपका घासून काढला. सहाही पेले चिंचेनं घासले, एकमेकांत मिसळले आणि फडताळात लावले. सकाळी केशरनं विचारलं, "अजी, यातला नवा कोणता?" मी एकेक उचलून खिडकीपाशी नेला, नव्या डोळ्यानं पाहिला. मले सांगता नाही आलं.

पाय तुम्ही धुवू देणार नाही, हे हर्षानं फोनवर बजावून सांगितलं आहे. ठीक. पण चहा झाल्यावर कोणी उठायचं नाही. पेले मी धुवीन.

तुमचा सासरा,
वासुदेव